घरगटात "प्रभूची कृपा" म्हणून झाल्यावर पुढे काय बोलायचं?

वाचकहो, सलाम. मागच्या अंकात मी घरगटांबद्दल, म्हणजे चर्चमधली काही घरं आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी प्रार्थनेला जमतात त्याबद्दल, सहज दोन ओळी लिहिल्या होत्या आणि तुमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) कसं चाललंय ते कळवा म्हंटलं होतं. पत्रं इतकी आलीत की यावेळचं सगळं सदर त्याच्यावरच करतेय. कुणी त्याला कॉटेज मीटिंग म्हणतं, कुणी सेल ग्रुप, कुणी नुसतं बुधवारची प्रार्थना, मी आपलं घरगट म्हणते. नाव कुणाचंच छापत नाहीये कारण बऱ्याच पत्रांत घरातल्या गोष्टी आहेत.

प्रश्न (पिंपरीहून): ताई, आमच्या मंडळीत दोन वर्षांपूर्वी घरगट सुरू झाले. आमच्या गटात १४ घरं आहेत. बुधवारी आठला जमतो, तीन गीतं होतात, मग जे भाऊ गट चालवतात ते पाऊण तास बायबलमधलं वचन सांगतात, मग प्रार्थना, चहा आणि घरी. रविवारी जे ऐकतो तेच बुधवारी परत. मी फर्स्ट शिफ्टला पहाटे पाचला उठतो, रात्री डोळे मिटतात. रविवारची उपासना पुरत नाही का? खरं सांगू, पाळकसाहेब विचारतील म्हणून जातो.

उत्तर: भाऊ, तुमचा थकवा मला कळतो आणि तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे. तुमच्याकडे झालंय काय, तर रविवारची उपासनाच उचलून बुधवारी कुणाच्या तरी हॉलमध्ये आणून ठेवलीय. तसं असेल तर तुम्ही म्हणता ते खरं, एक पुरे. पण घरगटाचं काम दुसरंच आहे.

रविवारी मंडळी एकत्र येते, वचन ऐकते, प्रभुभोजन घेते, याला पर्याय नाही. पण रविवारी आपण बाकावर बसतो आणि समोरच्याची पाठ बघतो. बाहेर आल्यावर गेटपाशी "काय, कसं काय?" "प्रभूची कृपा." झालं, गाडीला किक. तीनशे माणसांत याच्या पुढे कुणी काय बोलणार.

आमच्याच गटातलं सांगते, त्या भावांना विचारूनच सांगतेय. ते दर बुधवारी यायचे, दाराजवळच्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसायचे. मी विचारायचे कसं काय भाऊ, ते म्हणायचे प्रभूची कृपा. एका जूनमध्ये, शाळा नुकत्याच सुरू झालेल्या, आम्ही फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय वाचत होतो, कशाचीही चिंता करू नका तो भाग, आणि मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी म्हंटलं आज प्रत्येकाने या आठवड्यात आपल्याला कशाची चिंता आहे ते एकच सांगायचं. त्यांची पाळी आली. त्यांच्या मांडीवर चेनच्या कव्हरचं बायबल होतं, ते ती चेन थोडी उघडत होते, परत लावत होते, परत उघडत होते. मग म्हणाले, "पोरीची फी भरली नाहीये. फेब्रुवारीपासून काम नाहीये मला." बायकोने पदर तोंडाला लावला, तिला माहीत होतं पण कुणाला सांगायचं नाही असं बजावलेलं. फेब्रुवारी ते जून हे भाऊ रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडत होते आणि या चार-साडेचार महिन्यांत त्यांनी एकही रविवार चुकवला नव्हता. आम्ही सगळे दर रविवारी त्यांना भेटत होतो!

त्या दिवशी कुणी उपदेश केला नाही. एका तरुण मुलाने फक्त विचारलं, काका कुठल्या मशीनवर होतात? ते म्हणाले लेथ. त्याच्या ओळखीत एक वर्कशॉप होतं. काम लागायला दीड महिना गेला, तोवर फी चार घरांनी मिळून भरली. पण माझ्या मते खरी गोष्ट कामाची नाहीच, खरी गोष्ट ही की त्या बुधवारनंतर त्या खोलीत "प्रभूची कृपा" म्हणून थांबणं बंद झालं. दुसऱ्या आठवड्यात एक ताई आपल्या तपासणीच्या रिपोर्टबद्दल बोलली. तिच्या आधी कुणीतरी धाडस केलं होतं म्हणूनच ती बोलू शकली.

हे काही आत्ताचं फॅड नाहीये. जॉन वेस्ली माहीत असेलच, मेथडिस्ट मंडळ्या ज्यांच्यापासून निघाल्या ते. १७४२ च्या फेब्रुवारीत ब्रिस्टलमध्ये त्यांची बैठक बसली ती कशावर, तर सभागृहाच्या बांधकामाचं कर्ज कसं फेडायचं यावर. एक कॅप्टन उठून म्हणाले की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, बारा-बारा जणांमागे एक पुढारी नेमावा आणि त्याने घरोघर जाऊन ती गोळा करावी, आणि ज्याला जमत नाही त्याची पुढाऱ्याने स्वतःच्या खिशातून घालावी. पण पुढारी पैशासाठी घरात गेले आणि त्यांना दिसलं की कुणाच्या घरी भांडणं चालू आहेत, कुणी परत प्यायला लागलंय. वेस्लींनी ते ऐकलं आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला हेच हवं होतं. मग पैसे मागे पडले आणि त्या पुढाऱ्याचं काम ठरलं ते आठवड्यातून एकदा प्रत्येकाला विचारणं की तुझ्या जिवाचं कसं चाललंय. या गटांना ते क्लास म्हणायचे, आणि बायकासुद्धा पुढारी होत्या.

तर भाऊ, गट चालवणाऱ्या भावांशी एकटे बोला, सगळ्यांसमोर नको. त्यांना म्हणा वचन पंधरा मिनिटं ठेवू, रविवारी जे झालं त्यातलंच चालेल, आणि उरलेला वेळ एकच प्रश्न फिरवू. १४ घरं जास्त होतात हेही सांगा, सात-सातचे दोन करा, म्हणजे प्रत्येकाची पाळी येते. आणि तुम्ही थकलेले असता तर "आज मी थकलोय, बोलायला काही नाही" हेही तिथे म्हणता आलं पाहिजे, तेही खरंच बोलणं आहे.

प्रश्न (सोलापूरहून): आमचं घर दोन खोल्यांचं, सासूबाई एका खोलीत अंथरुणाला आहेत. गटात आता खाण्याची चढाओढ लागलीय, एकीने ढोकळा केला की दुसरी समोसे मागवते, गेल्या महिन्यात तर पुरीभाजी आणि गुलाबजाम होते. आमची पाळी आली की मी दोनदा खोटं कारण सांगितलं. मनाला लागून राहिलंय.

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचून मला वाईट वाटलं, तुमचं नाही, आमच्यासारख्या गट चालवणाऱ्यांचं, कारण हे आम्हाला दिसायला हवं असतं आणि दिसत नाही. ज्या घरात गट येऊच शकत नाही ते घर हळूहळू गटातून बाहेर पडतं आणि आपण म्हणतो त्यांचा विश्वास थंड झालाय.

जागेचं मनातून काढून टाका. पहिली दोन-तीनशे वर्षं मंडळी घरांतच भरत होती. पौल पत्रांत सलाम पाठवतो तेव्हा बघा, अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरची मंडळी, नुंफाच्या घरची, फिलेमोनाच्या घरची, सगळे पत्ते घरांचेच. आणि त्रोवसला तर युतुख नावाचा मुलगा खिडकीत बसला होता, पौलाचं बोलणं लांबलं, त्याला झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. मेला म्हणूनच उचलला होता, पण जिवंत झाला, देवाची दया. तेव्हा चपला जिन्यात गेल्या आणि दोघं-चौघं किचनच्या ओट्याला टेकून उभे राहिले तर काही बिघडत नाही.

खाण्याचा नियम मात्र गटानेच करायचा असतो, एकट्या बाईवर टाकायचा नाही. आमच्याकडे नियम आहे, चहा आणि पार्ले, बस. डॉक्टरांच्या घरी पण तेच आणि रिक्षा चालवणाऱ्या भावाच्या घरी पण तेच. वाढदिवस असला तर केक रविवारी चर्चमध्ये आणायचा. हा नियम लागू केला त्या वर्षी आमच्याकडे तीन घरांनी पहिल्यांदा गट बोलावला.

आणि सासूबाई अंथरुणाला आहेत म्हणून गट नको असं वाटतंय ना तुम्हाला, मी उलट म्हणेन. त्यांना चर्चला जाऊन किती दिवस झाले असतील? दार उघडं ठेवा, त्यांच्या आवडीचं एक गीत आधी घ्या. जी मंडळीपर्यंत जाऊ शकत नाही तिच्यापर्यंत मंडळी येते, घरगटाचं याहून सरळ काम मला तरी माहीत नाही. खोटं कारण सांगितलंत त्याचं ओझं प्रार्थनेत ठेवा आणि गटातल्या एका विश्वासातल्या बाईला खरं सांगून टाका.

प्रश्न (गाव कळवलेलं नाही): माझा मुलगा पितो. मी गटात रडत रडत प्रार्थनेची विनंती केली. दोन दिवसात मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर "अमक्या ताईंच्या मुलासाठी व्यसनमुक्तीची प्रार्थना करा" असं आलं, पुढे हात जोडलेले. मुलाने ते वाचलं. तो आता माझ्याशी बोलत नाही आणि चर्चचं नाव काढू देत नाही. मी परत गटात जाऊ का?

उत्तर: ताई, हे पत्र मी तीनदा वाचलं. तुमच्याशी जे झालं ते चुकीचं झालं, आणि त्याला प्रार्थना म्हणून माफ करून चालणार नाही. ज्याने मेसेज टाकला त्याच्या मनात वाईट नसेल, बहुतेक नसेलच, पण दुसऱ्याच्या घरातलं दुखणं त्याला न विचारता चारशे फोनवर पाठवणं ही चुगलीच आहे, पुढे कितीही हात जोडले तरी. याकोब आपल्या पत्रात म्हणतो एकमेकांजवळ पापं कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा, एकमेकांजवळ म्हणजे जे समोर बसलेत त्यांच्याजवळ. आणि तुम्ही सांगितलं ते तुमचं पाप पण नव्हतं, ते तुमच्या मुलाचं होतं, म्हणून ते अजून जपायला हवं होतं.

आता काय करायचं. ज्याने पाठवलं त्याला एकट्याला गाठा, मत्तयच्या १८ व्या अध्यायात प्रभूने क्रमच सांगितलाय, आधी दोघांत, मग एक-दोन साक्षीदार घेऊन, मग मंडळीपुढे. तुमच्यात बळ नसेल तर गटाच्या पुढाऱ्याला बरोबर घ्या. त्याने मेसेज काढून टाकावा एवढं पुरेसं नाही, त्याने तुमच्या मुलाकडे जाऊन माफी मागावी, घरी येऊन, प्रार्थना न करता. हो, प्रार्थना न करता. त्या मुलाला आत्ता आपल्यावर कुणीतरी डोळे मिटून बोलणं नकोय, डोळ्यात बघून बोलणं हवंय.

मुलाला तुम्ही स्वतः सांगा की मी तुला न विचारता तुझी गोष्ट बाहेर काढली, माझं चुकलं. आईने असं म्हणणं जड जातं मला माहीताय. आणि व्यसनाचं म्हणाल तर गटाची प्रार्थना आणि उपचार ही दोन वेगळी कामं आहेत, दोन्ही लागतात. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मराठीतल्या बैठका महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी होतात, आणि पिणाऱ्याच्या घरच्या लोकांसाठी अल-अॅनॉन म्हणून वेगळ्या बैठका असतात, तुम्ही तिथे जाऊन बघा. तिथे नाव न सांगणं हा पायाच आहे. आपण चर्चवाल्यांनी हे त्यांच्याकडून शिकायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

गटात परत जायचं का हे तुम्हीच ठरवा, घाई करू नका. पण जे वाचक गट चालवतात त्यांना हात जोडून सांगते, पुढच्याच बुधवारी सगळ्यांसमोर हे ठरवून घ्या: इथे ऐकलेलं नवऱ्याला-बायकोला पण सांगायचं नाही जर ते गटात नसतील, पाळकांना सांगायचं असेल तर ज्याचं आहे त्याला विचारून, आणि फोनवर काहीच नाही. एक अपवाद मात्र ठेवा. कुणाच्या जिवाला धोका असेल, मुलाला किंवा बाईला मारहाण होत असेल तर गप्प बसायचं नाही, तिथे मदत आणायचीच.

प्रश्न (एक पाळक, मराठवाड्यातून): तुम्ही घरगटांचं चांगलं लिहिता पण आमच्याकडे एका गटाने स्वतःचं दानार्पण सुरू केलं, मग रविवारी सकाळी वेगळं जमायला लागले, आता ती वेगळी मंडळीच झालीय. २२ कुटुंबं गेली. परत गट सुरू करायला मन धजत नाही.

उत्तर: पाळकसाहेब, २२ कुटुंबं म्हणजे २२ घरं जिथे तुम्ही बाप्तिस्मे दिलेत, लग्नं लावलीत, मयती केल्यात. त्याचं दुःख मी हलकं करणार नाही.

तुमची भीती जुनी आहे. जर्मनीत फ्रँकफर्टला स्पेनर नावाच्या पाळकांनी १६७० मध्ये स्वतःच्या घरी असे गट सुरू केले, लोक आवडीने आले आणि काही वर्षांत त्यातलेच काही चर्चपासून तुटले, स्पेनरना त्याचा फार त्रास झाला. वेस्ली मरेपर्यंत, म्हणजे १७९१ पर्यंत, चर्च ऑफ इंग्लंडचे पाळकच राहिले, पण त्यांचे लोक त्यांच्यामागे वेगळे झालेच. म्हणजे धोका आहेच, नाही असं मी म्हणणार नाही.

पण दुसरी बाजू पण आपल्याच मातीत आहे. केडगावला मुक्ति मिशनमध्ये, म्हणजे निराधार बायका-मुलींच्या आपल्या आश्रमात, १९०५ च्या जानेवारीत पंडिता रमाबाईंनी मुलींना विचारलं की रोज माझ्याबरोबर प्रार्थनेला कोण बसेल, ७० जणी उठल्या. जूनपर्यंत साडेपाचशेच्या आसपास जणी दिवसातून दोनदा जमत होत्या, आणि मग तिथे ते संजीवन, म्हणजे विश्वासाची नवी जागृती, आलं ज्याच्याबद्दल अजून लोक बोलतात. रमाबाई त्या गटाच्या बाहेर उभ्या राहून लक्ष ठेवत नव्हत्या, त्या त्या गटातच बसत होत्या.

म्हणून माझं म्हणणं असं की पैसा, वेळ आणि माणूस ही तीन दारं नीट लावा. गटात दानार्पण नाही, कुणाला गरज असेल तर देणारा थेट देईल किंवा मंडळीच्या खजिनदारामार्फत. रविवार सकाळ गटासाठी बंद, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन चर्चमध्येच. आणि पुढारी एकटा नको, दोघं ठेवा, दोन वर्षांनी बदला, महिन्यातून एकदा सगळ्या पुढाऱ्यांना तुमच्या घरी जेवायला बोलवा. बरेचदा गट तुटतात ते शिकवणीवरून नाही, पुढाऱ्याला कुणी विचारत नाही म्हणून तुटतात, असा माझा अनुभव आहे. तुम्ही त्या गटात वर्षातून किती वेळा गेला होतात, हे स्वतःलाच विचारा, मला कळवायची गरज नाही.

प्रश्न (वसईहून): आम्ही कॅथलिक आहोत. आमच्याकडे पण लहान ख्रिस्ती समूह आहेत. तुम्ही म्हणता तेच का हे?

उत्तर: बरंचसं तेच, एक फरक सोडून, आणि तो फरक मला तुमच्याकडचा आवडतो. मुंबई महाधर्मप्रांतात १९८० च्या दशकापासून हे समूह बांधले गेले, वसई १९९८ साली वेगळा धर्मप्रांत झाला त्याच्याही आधीपासूनचं काम आहे ते. तुमच्याकडे समूह आळीवर ठरतो, ज्या वाडीत राहता त्यातला. आमच्याकडे बरेचदा ज्यांचं ज्यांच्याशी पटतं ते एकत्र येतात. शेजारच्याशी बांधावरून भांडण आहे आणि तोच समूहात समोर बसलाय, शुभवर्तमान तिथेच खरं ऐकू येतं. जुनी सवय पण आहे तुमच्याकडे क्रुसापाशी जमायची, गोव्यात वाड्यावरच्या क्रुसापुढे लदीन, म्हणजे गाऊन करायची प्रार्थना, म्हणतात आणि नंतर उकडलेले चणे वाटतात तसंच.

दक्षिण आफ्रिकेतल्या लुम्को संस्थेने शुभवर्तमान एकत्र वाचायच्या सात पायऱ्या बसवल्या, त्या तुमच्या समूहातही वापरत असतील. त्यातली सहावी पायरी आम्ही उचलावी असं वाटतं: वाचून आणि बोलून झालं की समूहाने विचारायचं, आता आपण सगळे मिळून या आठवड्यात करायचं काय? कुणाच्या घरी जायचं, कुणाला दवाखान्यात न्यायचं, नाव आणि वार सकट.

प्रश्न (ठाण्याहून): सोसायटीत गट घेतला की खालच्या मजल्यावरचे विचारतात, काय चालू आहे तुमच्याकडे? हल्ली भीती वाटते.

उत्तर: दार उघडं ठेवा, ढोलकी नको, साडेनऊच्या आत संपवा, आणि सेक्रेटरींना आधीच सांगून ठेवा की बुधवारी आमच्याकडे दहा-बारा जण प्रार्थनेला येतात, जसं कुणाकडे भजन असतं कुणाकडे सत्यनारायण. खालच्या काकूंना एकदा चहाला बोलवा, नुसतं चहाला, गटाच्या दिवशी नाही. लपवण्यासारखं काही नाहीये तर लपवल्यासारखं वागू नका.

प्रश्न (बंगळूरहून): आम्ही तिघी मराठी मुली एकाच पीजीत राहतो, तिघी वेगवेगळ्या मंडळ्यांतल्या. इथल्या चर्चमध्ये सगळं इंग्रजी किंवा कन्नड. मराठीत प्रार्थना करून वर्ष झालं. तिघींचा गट होतो का?

उत्तर: होतो गं. दोघे-तिघे जमले तरी मी तिथे आहे असं प्रभूनेच म्हंटलंय. रविवारी तिथल्या चर्चला जाणं सोडू नका, भाषा कळायला वेळ लागला तरी चालेल, तिथली माणसं तुमची होऊ द्या. आणि आठवड्यात एक वार धरा, गुरुवार धरा, रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास. मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरू करा, रोज नाही, गुरुवारी एक अध्याय, मोठ्याने, आळीपाळीने, मराठीत. मग प्रत्येकीने आठवड्यात खरंच काय झालं ते सांगायचं, ऑफिसातलं, घरच्या फोनवरचं, जे असेल ते. मार्काचे १६ अध्याय आहेत, म्हणजे साधारण चार महिने. संपले की मला पत्र पाठवा.